समाजमाध्यमांद्वारे मातृशिक्षण (धाराशिव जिल्हा)

समाजमाध्यमांद्वारे मातृशिक्षण म्हणजे प्रशिक्षित सुईणी, आरोग्यसेविका (एएनएम) आणि आशा स्वयंसेविका यांनी व्हॉट्सॲप, यूट्यूब, ध्वनिसंदेश इत्यादी माध्यमांतून गरोदर स्त्रियांना व नवमातांना दिलेले आरोग्यशिक्षण होय. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया यांसारख्या देशांत स्वतंत्र व्यवसाय म्हणून काम करणाऱ्या सुईणी स्वतःच्या नावाने समाजमाध्यमांवर लिहितात, बोलतात. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात हे काम प्रामुख्याने उपकेंद्रातील ‘सिस्टर’ व गावातील ‘आशाताई’ यांच्याकडे आहे आणि ते बहुतांशी व्हॉट्सॲपच्या छोट्या गटांतून व साध्या दूरध्वनीवरून चालते. या लेखात धाराशिव (पूर्वीचे नाव उस्मानाबाद) जिल्ह्याच्या संदर्भात या पद्धतीची पार्श्वभूमी, तिचा आशय व तिच्या मर्यादा यांची माहिती दिली आहे.

सुईण ते आरोग्यसेविका

मराठवाड्यातील खेड्यांत बाळंतपण ही दीर्घकाळ अनुभवी सुईणीची जबाबदारी होती. तिचे ज्ञान तोंडी परंपरेने आलेले असे. नाळ कापणे, बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणे, शेक-शेगडी, धुरी ही कामे तीच करी आणि पाचवीच्या पूजेपर्यंत तिचा त्या घरात वावर असे. तिच्या हातात कौशल्य होते. निर्जंतुक साधने मात्र नव्हती. धनुर्वात, बाळंतज्वर आणि अतिरक्तस्राव यांपुढे ती हतबल ठरे.

ब्रिटिश अमलाखालील महाराष्ट्रात दायांच्या व परिचारिकांच्या शिक्षणाचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. १८८५ साली डफरिन निधी स्थापन झाला. १९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सेवासदनाने ससून रुग्णालयाच्या साहाय्याने मराठी स्त्रियांना परिचर्या व प्रसूतिविद्या शिकवली. उस्मानाबाद जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पुण्या-मुंबईकडील हे वारे त्या भागात फारसे पोहोचले नाहीत. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे यांचे जाळे हळूहळू विणले गेले आणि सहायक परिचारिका-प्रसाविका, म्हणजेच एएनएम, गावात दिसू लागली. पत्रव्यवहारात ती ‘आरोग्यसेविका’ असते, गावात मात्र ‘सिस्टर’.

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूरबरोबर उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर व उमरगा-लोहारा भागातील गावे उद्ध्वस्त केली. या काळात स्वयंसेवी आरोग्यकार्यालाही या भागात बळ मिळाले. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ म्हणून उभे केले. भूम-परंडा तालुक्यांच्या शेजारी असलेल्या जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे या दांपत्याने १९७० पासून हाच मार्ग चोखाळला होता. अल्पशिक्षित स्त्रीसुद्धा गावाचे आरोग्य सांभाळू शकते, हे तेथे सिद्ध झाले. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील ‘आशा’ ही याच कल्पनेची सरकारी आवृत्ती म्हणता येईल. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा असावी, असा अभियानाचा निकष आहे.

प्रसूती आता बहुतांशी रुग्णालयात होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील ९४.७ टक्के प्रसूती संस्थांमध्ये झाल्या. त्यामुळे जुन्या सुईणीचे प्रसूतीचे काम संपले. परंतु बाळंतिणीजवळ बसून तिला धीर देण्याचे व शिकवण्याचे काम करणारे माणूसही त्याबरोबर घरातून गेले. रुग्णालयातून दोन-तीन दिवसांत घरी परतलेल्या मातेच्या शंकांना उत्तर कोण देणार, हा प्रश्न त्यातून उरला. भ्रमणध्वनी या रिकाम्या जागेत आला आहे.

माध्यमे

सप्टेंबर २०१६ नंतर आंतरजालाचे दर कोसळले आणि खेड्यांत स्मार्टफोन पसरले. आरोग्य केंद्रांचे अंतर्गत निरोप व्हॉट्सॲपवर जाऊ लागले आणि त्याच सवयीतून गरोदर मातांचे गट निर्माण झाले. अशा गटात साधारणपणे लसीकरण सत्राची तारीख, दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानातील तपासणीची आठवण, आहाराविषयी छोटी चित्रफीत आणि प्रश्नोत्तरे असतात. ज्या स्त्रियांना वाचणे जड जाते त्यांच्यासाठी सिस्टर स्वतःच्या आवाजात निरोप ध्वनिमुद्रित करून पाठवते. उमरग्याकडील कन्नड बोलणारी घरे, तांड्यांवरील लमाणी बोलणारी कुटुंबे किंवा दखनी उर्दू बोलणाऱ्या स्त्रिया यांना छापील प्रमाण मराठीपेक्षा ओळखीच्या माणसाचा आवाज अधिक लवकर समजतो.

याखेरीज मोठ्या प्रमाणावरील ध्वनिसेवा आहेत. त्या काटेकोर अर्थाने समाजमाध्यमे नव्हेत, पण त्याच कामाच्या पूरक आहेत. मुंबईतील ‘अरमान’ या संस्थेची (संस्थापक डॉ. अपर्णा हेगडे, स्थापना २००८) ‘एममित्र’ ही सेवा गरोदर स्त्रीला व मातेला तिच्या सोयीच्या वेळी, तिच्या भाषेत ध्वनिमुद्रित संदेश ऐकवते. केंद्र शासनाची ‘किलकारी’ सेवा जानेवारी २०१६ मध्ये काही राज्यांत सुरू झाली; गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ एक वर्षाचे होईपर्यंत आठवड्याला एक याप्रमाणे ७२ संदेश तीत आहेत. महाराष्ट्रात ती फेब्रुवारी २०२४ मध्ये दाखल झाली. टाळेबंदीच्या काळात, २०२० मध्ये, राज्याच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ‘तरंग सुपोषित महाराष्ट्राचा’ हा उपक्रम सुरू केला. व्हॉट्सॲपवर प्रश्न विचारल्यास पोषणविषयक उत्तर मिळण्याची सोय त्यात होती.

काय शिकवले जाते

या शिक्षणाचा गाभा साधा आहे, पण त्यातील तपशील महत्त्वाचे असतात. लोह व फॉलिक आम्लाची गोळी गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून रोज एक अशी किमान १८० दिवस आणि प्रसूतीनंतर आणखी १८० दिवस घ्यावयाची असते. गोळीने शौचास काळे होते, मळमळते, आणि गोळीमुळे बाळ काळे होते असा समजही अनेक घरांत आढळतो. गोळ्या डब्यात पडून राहण्याची ही नेहमीची कारणे आहेत. ‘गोळ्या घ्या’ एवढा निरोप येथे निरुपयोगी ठरतो. काळा रंग न शोषलेल्या लोहाचा आहे, बाळाच्या वर्णाशी त्याचा संबंध नाही. गोळी जेवणानंतर तासाभराने किंवा रात्री झोपताना घ्यावी, चहासोबत घेऊ नये, कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत न घेता वेगळ्या वेळी घ्यावी, असे कारणासह सांगितले की स्त्रिया ऐकतात. पाचव्या फेरीच्या सर्वेक्षणात देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. प्रसूतीतील रक्तस्राव अशा स्त्रीला लवकर जीवघेणा ठरतो.

दुसरा मोठा विषय स्तनपानाचा. प्रसूतीनंतर पहिल्या तासात बाळाला अंगावर घ्यावे आणि पहिले घट्ट पिवळसर दूध, म्हणजे चीक, बाळाला द्यावा हे आता बहुतेकांना ठाऊक असते. तरी चीक पिळून टाकणे, मधाचे बोट चाटवणे, उगाळलेली गुटी देणे या प्रथा काही घरांत टिकून आहेत. पण ‘दूध येत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा प्रथा नसून बाळाला धरण्याची चुकीची रीत असते. बाळ केवळ स्तनाग्र तोंडात धरते, आईला वेदना होतात, दूध पुरेसे ओढले जात नाही आणि आठवडाभरात वरचे दूध सुरू होते. आयआयटी मुंबईत बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातील आरोग्यविषयक मराठी चित्रफितींत याचेच बारकाईने प्रात्यक्षिक आहे. डाव्या स्तनावर पाजायचे असल्यास बाळाला उजव्या हाताने धरावे, त्या हाताचा तळवा बाळाच्या खांद्यांना व मानेला आधार देणारा असावा, डाव्या हाताने स्तन धरावा. बाळाने तोंड मोठे उघडल्यावरच त्याला जवळ घ्यावे, त्याची हनुवटी स्तनाला टेकावी आणि स्तनाग्राखालचा काळसर भागही तोंडात जावा. ही गोष्ट लेखी वर्णनाने कळत नाही, ती पाहावीच लागते. चित्रफितीचे खरे बळ येथे दिसते.

तिसरा विषय धोक्याच्या लक्षणांचा. योनीतून रक्त किंवा पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी व डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर व हातांवर सूज, झटके, ताप आणि बाळाची हालचाल कमी होणे यांपैकी काहीही आढळल्यास फोनवर उत्तराची वाट पाहत बसू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे, असे गटातून पुनःपुन्हा सांगावे लागते. नवजात बाळाने दूध ओढणे सोडणे, मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, छातीत खळगा पडणे, अंग थंड किंवा तापलेले असणे, तळपाय पिवळे दिसणे ही लक्षणेही तशीच. १०२ व १०८ या क्रमांकांवरील रुग्णवाहिका आणि २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात मिळणारी मोफत प्रसूती, औषधे, रक्त व वाहतूक यांची माहितीही यातच येते. परंड्याहून बार्शी किंवा उमरग्याहून सोलापूर गाठणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ही माहिती आहाराच्या तक्त्याइतकीच निकडीची आहे.

परिणामाचा प्रश्न

संदेश पाठवला म्हणजे शिक्षण झाले, असे मानण्याची चूक सहज होते. मध्य प्रदेशातील चार जिल्ह्यांत सुमारे ५,००० स्त्रियांचा समावेश असलेला ‘किलकारी’चा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तात्पुरत्या गर्भनिरोधक साधनांच्या वापरात काही वाढ त्यात दिसली. निव्वळ स्तनपानाच्या प्रमाणात मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. एकतर्फी, अनोळखी आवाजाच्या मर्यादा यावरून लक्षात येतात. गोळीची वेळ ध्वनिसंदेशातून सांगता येते, पण रडणारे बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या आईची बैठक त्यातून सुधारता येत नाही.

याउलट गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील प्रशिक्षित स्त्रीच्या गृहभेटींवर भर दिला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. तोच आराखडा पुढे देशभर आशांच्या गृहभेटींसाठी स्वीकारला गेला: रुग्णालयात प्रसूती झाल्यास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट. तिसऱ्या व सातव्या दिवसांमध्ये तीन दिवस कोरे जातात आणि दूध उतरण्याच्या अडचणी नेमक्या तेव्हाच वाढतात. या कोऱ्या दिवसांत आशाने केलेला चित्रध्वनी संपर्क उपयुक्त असतो, कारण पलीकडची बाई परकी नसते. तिने ते घर पाहिलेले असते, सासूशी तिची ओळख असते. दक्षिण आफ्रिकेत २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘मॉमकनेक्ट’ या सरकारी सेवेत मातेला उलट प्रश्न विचारण्याची सोय आहे आणि नोंदणी दवाखान्यातच होते; तेथेही यंत्र व माणूस यांची जोड तोडलेली नाही.

फोन कोणाच्या हाती

उपरोक्त सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात स्वतः वापरता येईल असा मोबाइल ५४.८ टक्के स्त्रियांकडे होता. कधीही इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३८ टक्के होत्या. ग्रामीण भागात हे प्रमाण २३.७ टक्के होते. पुरुषांत ते ६१.५ टक्के होते. हे आकडे राज्याचे आहेत. धाराशिव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १६,५७,५७६ असून तिच्यातील सुमारे ८३ टक्के लोक खेड्यांत राहतात, आणि २०१८ मध्ये नीती आयोगाने या जिल्ह्याचा समावेश आकांक्षित जिल्ह्यांत केला होता. तेव्हा येथील सरासरी स्त्रीची स्थिती राज्याच्या सरासरीपेक्षा चांगली समजण्याचे कारण नाही.

गटात नोंदलेला क्रमांक अनेकदा नवऱ्याचा किंवा दिराचा असतो. तो दिवसभर शेतात किंवा कामावर, संदेश त्याच्या खिशात. रात्री घरी आल्यावर त्याने दाखवला तर तिला दिसणार. अंगावरून जाणारे पाणी, योनीची जखम, पाळणा लांबवण्याची साधने याविषयी ती अशा फोनवर विचारणार नाही, हे उघड आहे. एकाच फोनभोवती तीन-चार स्त्रियांना बसवून चित्रफीत दाखवणे, लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत ती चालवणे, सासूलाही श्रोत्यांत घेणे, नाजूक विषय फक्त प्रत्यक्ष भेटीत काढणे असे मार्ग यावर वापरले जातात. सासूला बाजूला ठेवून केलेला उपदेश टिकत नाही. बाळगुटी उगाळणारा हात तिचाच असतो.

अफवा आणि जाहिराती

ज्या फोनवर सिस्टरचा निरोप येतो त्याच फोनवर ग्रहणाच्या दिवशी गरोदर बाईने चिरू नये, शिवू नये, पाणीही पिऊ नये असे संदेशही येतात. पूर्ण दिवस भरलेली स्त्री उन्हाळ्यात बारा-बारा तास उपाशी व तहानलेली राहिली तर तिला भोवळ येऊ शकते. केशराने बाळ गोरे होते, पोटाच्या आकारावरून मुलगा ओळखता येतो, अशा चित्रफिती यूट्यूबवर विपुल आहेत. उपहासाने कोणाचे मत बदलत नाही. घरातील थोरांचा मान राखून, ‘घरात बसा, पण वेळेवर खा-प्या’ असे सांगणारी सेविका वाद न घालता बाईला उपवासातून सोडवते.

गर्भलिंगनिदानाविषयीचा मजकूर मात्र अंधश्रद्धेच्या सदरात टाकून सोडता येत नाही. १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याच्या कलम २२ नुसार अशा सोयीची कोणत्याही माध्यमातील, आंतरजालावरीलसुद्धा, जाहिरात गुन्हा आहे. बाळाच्या डबाबंद दुधाच्या जाहिरातीवर १९९२ च्या कायद्याने (सुधारणा २००३) बंदी आहे. तरीही कंपन्या मातांच्या गटांतून व प्रभावी व्यक्तींकडून आडमार्गाने प्रचार करतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२२ च्या अहवालात अनेक देशांच्या संदर्भात नोंदवले आहे.

गुप्तता आणि जबाबदारी

गटात एका स्त्रीची रक्तचाचणी, वजन किंवा छायाचित्र टाकणे सोयीचे वाटते. परंतु गावात नाव सांगितले की घर कळते. एचआयव्ही तपासणी, गर्भपात किंवा मृत जन्म यांची वाच्यता झाली तर त्या स्त्रीला पुढे दवाखान्याची पायरी चढणे नको होते. गटात सर्वसाधारण माहिती व वैयक्तिक बाब स्वतंत्रपणे, हा संकेत म्हणूनच पाळावा लागतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमतीवर भर देतो. मार्च २०२० मधील दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार दूरस्थ पद्धतीने औषध लिहून देण्याचा अधिकार नोंदणीकृत वैद्यकांना आहे. आरोग्यसेविका रुग्ण व डॉक्टर यांच्यामधील दुवा असते. उपकेंद्रातून ‘ई-संजीवनी’द्वारे डॉक्टरांशी चित्रसंवाद घडवून आणता येतो, तो याच भूमिकेतून.

भारतात ‘सुईण’ या व्यवसायाला स्वतंत्र दर्जा देण्याची प्रक्रिया अलीकडची आहे. २०१८ मध्ये केंद्राने प्रसाविका सेवांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि परिचारिकांसाठी १८ महिन्यांचे विशेष प्रशिक्षण आखले. तेलंगणाने हैदराबादच्या फर्नांडिस फाउंडेशनच्या साहाय्याने त्याआधीच, २०१७ मध्ये, असे प्रशिक्षण सुरू केले होते.

कामाचा भार हा यातील कमी बोलला जाणारा भाग आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट ठरलेले शासकीय मोबाइल परत केले. माहिती भरण्याचे ॲप इंग्रजीत असल्याची तक्रारही त्यामागे होती. ऑक्टोबर २०२३ मधील आशांच्या संपात मोबदल्यासोबत ऑनलाइन कामाचा मुद्दा होता. रात्री अकराला येणाऱ्या मातेच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही तक्त्यात कामाचा तास म्हणून मोजले जात नाही.

माहेर आणि ऊसतोड

पहिले बाळंतपण माहेरी, या रीतीमुळे सातव्या-आठव्या महिन्यात स्त्री गाव बदलते. नोंद सासरच्या उपकेंद्रात, प्रसूती माहेरच्या तालुक्यात, तेव्हा आशाची साखळी नेमकी गरजेच्या वेळी तुटते. अशा वेळी सासरच्या आशाने माहेरच्या आशाला पाठवलेले माता व बाल संरक्षण कार्डाचे छायाचित्र फार मोलाचे ठरते. रक्तगट, आधीचे सिझेरियन, वाढलेला रक्तदाब हे सारे त्यावर असते. स्त्रीची संमती घेऊन ते थेट तिच्याच आशाला पाठवावे, गटात टाकू नये.

ऊसतोडीचा प्रश्न याहून कठीण आहे. कळंब, वाशी, भूम, परंडा या तालुक्यांतील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. गरोदर स्त्रियाही जातात, कारण तोड नवरा-बायकोच्या जोडीने होते. कोपीत वीज नसते, फोन उसाच्या गाडीच्या बॅटरीवर किंवा जवळच्या दुकानात चार्ज होतो, मुकादम ठिकाण बदलतो. नवीन ठिकाणच्या आशाच्या यादीत त्या स्त्रीचे नाव नसते. गावच्या सिस्टरचा क्रमांक तेवढा तिच्यासोबत असतो. पोट दुखू लागल्यावर ती त्या क्रमांकावर विचारते, आणि शेकडो किलोमीटरवर असलेली सिस्टर तिला सर्वात जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, १०८ ला सांगण्याचा पत्ता आणि कार्डावरील कोणती नोंद डॉक्टरांना दाखवायची, हे सांगू शकते. त्यासाठी निघण्यापूर्वी गावातच कार्डाची दोन्ही बाजूंची छायाचित्रे फोनमध्ये घेऊन ठेवणे, लोहाच्या गोळ्या पूर्ण हंगामाच्या मोजून देणे आणि टोळीतील ज्या फोनला सहसा रेंज असते तो क्रमांकही लिहून घेणे, एवढी तयारी लागते.